मांडवातले लांबचे फ्लॅश: नव्या फोटोग्राफरसाठी वायरलेस लाईटची पायरी-पायरीनं ओळख

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात लग्नाचे, बारशाचे, सभा-संमेलनांचे फोटो काढायला जे नव्यानं उतरलेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. कॅमेऱ्यावर एक फ्लॅश बसवून तुम्ही काही कार्यक्रम केले असतील. आता स्टँडवर लांब ठेवलेले दोन, तीन, चार फ्लॅश हातातल्या कॅमेऱ्यावरूनच चालवायचे आहेत. सामान घेणं हा त्यातला सोपा भाग. मुहूर्ताच्या गडबडीतही कुठला फ्लॅश कशासाठी पेटतोय हे डोक्यात पक्कं असायला हवं, आणि मेहनत तिथंच लागते.

फ्लॅश लांब का ठेवायचा

उजेडाचा एक नियम आहे: दिव्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की उजेड एक चतुर्थांश उरतो. कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशनं आठ फुटांवरचे नवरा-नवरी नीट आले, तर त्यांच्यामागं सोळा फुटांवर उभे असलेले मामा-मामी दोन स्टॉप काळे पडतात (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). शिवाय समोरून सपाट उजेड आला की मुंडावळ्यांची सावली गालावर रेघांसारखी पडते, जरीचे काठ पांढरे फटक होतात आणि मागच्या फुलांच्या सजावटीवर माणसांच्या काळ्या आकृत्या उमटतात. शहापूर-वडगावच्या मागावरची साडी असो की पैठणी, तिचा पोत तिरक्या उजेडातच दिसतो.

मला त्याहून मोठा वाटणारा फायदा वेगळा आहे. स्टेजच्या बाजूला उंचावर लावलेला फ्लॅश जागचा हलत नाही. तुम्ही पुढं जा, मागं या, खुर्चीवर चढा, स्टेजवरचा उजेड तेवढाच राहतो. एकदा बसवलेलं माप तासभर टिकतं आणि तुमचं लक्ष माणसांच्या चेहऱ्यांवर राहतं.

पहिली पायरी: रेडिओवर चालणारं सामान घ्या

लांबचा फ्लॅश पेटवायचे दोन मार्ग आहेत. जुना मार्ग उजेडाचा: एका फ्लॅशची चमक बघून दुसरा पेटतो. दुसरा मार्ग रेडिओ लहरींचा. कॅननच्या ६००ईएक्स-आरटी या फ्लॅशमध्ये २०१२ साली रेडिओ आला, निकॉनच्या एसबी-५००० मध्ये २०१६ साली. आता स्वस्त फ्लॅशमध्येही तो असतो, त्यामुळं कार्यक्रमासाठी उजेडाच्या मार्गानं जायचं काहीच कारण उरलेलं नाही. फ्लॅशवर एस-१ आणि एस-२ अशा खुणा दिसतील, त्या याच जुन्या मार्गाच्या. एस-१ वर ठेवलेला फ्लॅश कुणाच्याही चमकेनं पेटतो. दोन्हीकडच्या फोटोग्राफरांचे आणि हौशी पाहुण्यांचे फ्लॅश चमकत असताना तुमचा फ्लॅश दिवसभर फुकट पेटत राहील आणि अक्षता पडायच्या वेळी सेल संपलेले असतील.

पुढची उदाहरणं मी गोडॉक्सची देतो, कारण आपल्याकडं बऱ्याच बॅगांत तेच दिसतं. दुसऱ्या कंपनीचं सामान असेल तर बटणांची नावं बदलतील, विचार तोच राहील. ट्रिगर म्हणजे कॅमेऱ्यावर बसवून लांबच्या फ्लॅशना रेडिओवरून इशारा देणारं यंत्र. तो घेताना तुमच्या कॅमेऱ्याचाच घ्या. कॅनन, निकॉन, सोनी यांचे ट्रिगर वेगवेगळे येतात. लांब ठेवायच्या फ्लॅशला मात्र हे बंधन नाही. कॅननसाठी घेतलेला गोडॉक्सचा फ्लॅश निकॉनवरच्या ट्रिगरनंही पेटतो. त्यामुळं मित्राचा जादा फ्लॅश एका दिवसासाठी मागून आणता येतो.

सुरुवातीला एक ट्रिगर आणि गोडॉक्सचे दोन टीटी६०० फ्लॅश पुरेत. टीटी६०० मध्ये टीटीएल, म्हणजे कॅमेऱ्यानं फ्लॅशचा जोर आपोआप ठरवण्याची सोय, नाही, पण स्टँडवरच्या फ्लॅशला ते लागतही नाही. तिसरा फ्लॅश घ्याल तेव्हा व्ही८६०-३ सारखा लिथियम बॅटरीचा घ्या, तो हातात धरायला आणि कॅमेऱ्यावरही उपयोगी पडतो. मोठ्या लॉनवरची कामं मिळायला लागली की मग एडी२०० या जास्त जोराच्या फ्लॅशचा विचार करा. टीटी६०० ला चार पेन्सिल सेल लागतात. दुकानातले साधे सेल टाकू नका. चांगल्या प्रतीचे रिचार्जेबल सेल घ्या, चारचा एकेक संच करून त्यावर क्रमांक घाला आणि संच कधी मिसळू नका. चारातला एक सेल कमजोर निघाला की बाकीच्या तिघांचा जोर वाया जातो आणि फ्लॅश भरायला वेळ घेतो.

दुसरी पायरी: चॅनल, आयडी आणि ग्रुप घरीच लावा

हे काम आदल्या रात्री, टेबलावर सगळं सामान मांडून करायचं. कार्यालयात पोचल्यावर करायचं हे काम नाही.

गोडॉक्सच्या रेडिओत ३२ चॅनल आहेत आणि १ ते ९९ असा आयडी आहे. ट्रिगर आणि फ्लॅश यांचा चॅनल जुळला, आयडी जुळला, तरच फ्लॅश ऐकतो. नव्या डब्यातून काढलेल्या सामानाला बहुतेक जण हात लावत नाहीत, मग सगळ्यांचं सामान चॅनल १ वर आणि आयडी बंद असं राहतं. आपल्याकडच्या लग्नात मुलीकडचा फोटोग्राफर वेगळा, मुलाकडचा वेगळा, हे नेहमीचं. दोघांकडं तेच सामान, तोच चॅनल असला की एकानं बटण दाबलं की दुसऱ्याचे फ्लॅश पेटतात आणि दोघांचेही फोटो बिघडतात. म्हणून तुमचा स्वतःचा चॅनल आणि दोन अंकी आयडी ठरवून टाका आणि तो सगळ्या फ्लॅशवर घाला. तरीही स्टेजजवळ पोचल्यावर समोरच्या फोटोग्राफरला विचारा, "तुमचा चॅनल कुठला ओ?" असं विचारलं की पुढं दिवसभर जागेवरून होणारी कुरबुरही कमी होते.

ग्रुप म्हणजे फ्लॅशला दिलेलं अक्षर: ए, बी, सी, डी, ई. प्रत्येक अक्षराची पॉवर ट्रिगरवरून वेगळी कमी-जास्त करता येते, किंवा ते अक्षर पूर्ण बंद ठेवता येतं. इथं माझा आग्रह एकच आहे: अक्षर जागेला द्या, फ्लॅशला नको. ए म्हणजे नेहमी स्टेजची डावी बाजू, बी म्हणजे उजवी, सी म्हणजे मागचा, डी म्हणजे पाहुण्यांच्या बाजूनं उंचावर असलेला, ई म्हणजे हातात धरलेला. डावं-उजवं हे स्टेजकडं तोंड करून उभं राहिल्यावरचं धरायचं, आणि मदतीला येणाऱ्या पोरालाही तेच सांगायचं. कार्यालय बदललं, फ्लॅश बदलला, तरी ही अक्षरं बदलू नका. काही कार्यक्रमांनंतर "डावीकडून चेहरा काळा येतोय" हे डोळ्यांना दिसलं की बोट आपोआप ए कडं जातं. प्रत्येक फ्लॅशवर कागदी चिकटपट्टी लावून त्यावर अक्षर ठळक लिहा.

त्याच बैठकीत आणखी तीन गोष्टी उरकून घ्या. फ्लॅश आपोआप झोपण्याची सोय बंद करा किंवा जास्तीत जास्त वेळेवर ठेवा, नाहीतर जेवणाच्या पंगतीनंतर स्टँडवरचे फ्लॅश गप्प झालेले आढळतील. बीपचा आवाज बंद करा. मंगलाष्टकं चालू असताना चार फ्लॅश टुकटुकणं चांगलं नाही. आणि कॅमेरा मिररलेस असेल तर आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर बंद आहे का बघा. बऱ्याच कॅमेऱ्यांत त्या शटरवर फ्लॅश पेटतच नाही, आणि नवशिक्या माणूस दोष ट्रिगरमध्ये शोधत बसतो.

तिसरी पायरी: आधी कार्यालयाचा उजेड, मग तुमचा

कार्यालयात निदान दीड तास आधी पोचा. कॅमेरा मॅन्युअलवर घ्या, ट्रिगर बंद ठेवा आणि नुसत्या कार्यालयाच्या उजेडात स्टेजचा फोटो काढा. अ‍ॅपर्चर ४, आयएसओ १६००, शटर १/१०० इथून सुरुवात करा. फोटो एक-दीड स्टॉप काळपट यायला हवा, पण झुंबरं, माळा, मागची फुलं दिसली पाहिजेत. हा तुमचा पाया. पार्श्वभूमी पूर्ण काळी आली तर लग्न कुठल्या कार्यालयात झालं हेच अल्बममध्ये कळत नाही.

शटर १/१०० च का? आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, तिच्यावरचे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. १/१०० किंवा १/५० वर प्रत्येक फोटोला पूर्ण लाट मिळते, म्हणून रंग आणि उजेड फोटोगणिक बदलत नाहीत. एलईडी पडद्यांचा हिशोब वेगळा असतो. स्टेजमागं मोठा पडदा असेल तर दोन-तीन शटर वेग करून बघा आणि पट्टे न येणारा धरा.

शटरला वरची मर्यादाही आहे. कॅमेऱ्यातल्या शटरचा पडदा पूर्ण उघडा असतानाच फ्लॅश पेटायला हवा. हा सिंक वेग निकॉन झेड६-२ वर १/२००, कॅनन ६डी मार्क २ वर १/१८०, सोनी ए६४०० वर १/१६० असा आहे. त्याच्या वर गेलात तर फोटोच्या कडेला काळा पट्टा येतो. हाय स्पीड सिंक लावून त्याच्याही वर जाता येतं, पण फ्लॅशचा जोर बराच घटतो. ती सोय दिवसा लॉनवर, उन्हात लागते. कार्यालयात विसरून जा.

पाया बसला की ट्रिगर चालू करा आणि एकच ग्रुप जागा ठेवा. समजा ए: उजेड मऊ करणाऱ्या छत्रीतून, दहा-बारा फुटांवरून, पॉवर १/१६ (पूर्ण जोराचा सोळावा भाग). मदतनीसाला नवरदेवाच्या जागी उभा करून फोटो काढा. जास्त झालं तर १/३२, कमी पडलं तर १/८. प्रत्येक पायरीला उजेड निम्मा किंवा दुप्पट होतो, म्हणजे एक स्टॉप. मग ए बंद करून एकटा बी तपासा, त्यानंतर सी, मग डी. प्रत्येकाचं काम एकट्यानं बघितल्यावरच सगळे एकत्र चालू करा. सगळे एकदम लावून सुरुवात केली की चेहऱ्यावर सावली कुणाची आहे हे सापडत नाही आणि माणूस आठही दिशांनी बटणं फिरवत बसतो.

स्टँडवरच्या फ्लॅशसाठी मी मॅन्युअलचाच, म्हणजे पॉवर स्वतः ठरवायचाच, सल्ला देईन. टीटीएलमध्ये कॅमेरा प्रत्येक फोटोला स्वतः हिशोब करतो. पांढरा सदरा आणि फेटा समोर आला की तो उजेड कमी करतो, काळ्या कोटातले काका आले की वाढवतो. फ्लॅशही स्थिर आणि माणसंही एकाच जागी, तर हिशोब दर वेळी बदलायचा कशाला? टीटीएल ठेवायचं ते हातात धरलेल्या ई साठी, जिथं अंतर सारखं बदलत असतं.

चौथी पायरी: स्टँड कुठं, किती उंच

ए आणि बी स्टेजच्या पुढच्या दोन कोपऱ्यांपासून थोडे बाहेर, आठ-नऊ फूट उंच आणि खाली झुकवलेले. उंचीचे दोन फायदे. फ्लॅशचा रेडिओ २.४ गिगाहर्ट्झवर चालतो आणि माणसांची शरीरं त्या लहरी शोषून घेतात. डोक्यांच्या वर असलेल्या फ्लॅशला गर्दीतूनही इशारा पोचतो. दुसरं म्हणजे, सावल्या खाली जमिनीकडं पडतात, शेजाऱ्याच्या चेहऱ्यावर पडत नाहीत. पण फेटा बांधलेल्यांची एक अडचण आहे: फार उंचावरून आलेल्या उजेडात फेट्याची सावली थेट डोळ्यांवर येते. नवरदेव आणि वरबाप फेट्यात असतील तर बी फूटभर खाली घ्या आणि ए पेक्षा एक स्टॉप कमी ठेवा, म्हणजे डोळे उघडे दिसतात.

सी स्टेजच्या मागच्या कोपऱ्यात, सजावटीआड, नवरा-नवरीच्या खांद्यांकडं तोंड करून. केसांना, शालूच्या काठाला कड मिळते आणि माणसं पार्श्वभूमीपासून सुटी दिसतात. अक्षता पडताना याच फ्लॅशमुळं हवेतला दाणा न् दाणा चमकतो. होमाच्या वेळी मात्र सी निम्म्यावर किंवा त्याहून खाली आणा. मागून उजेड आला की धूर पेटल्यासारखा पांढरा दिसतो आणि चेहरे त्यात हरवतात.

डी साठी छत बघा. छत पांढरं, बारा-चौदा फुटांचं असेल तर फ्लॅश वर तोंड करून बसवा. पॉवर १/४ किंवा १/२ लागेल, पण सगळ्या सभागृहात मऊ उजेड पसरतो. छत पत्र्याचं असेल किंवा रंगीत कापडानं झाकलेलं असेल तर हा नाद सोडा. भगवं, लाल, पिवळं कापड उजेडाला आपला रंग देतं आणि तो चेहऱ्यावरून नंतर काढता येत नाही. अशा वेळी डी पाहुण्यांच्या बाजूनं, मधल्या वाटेजवळच्या खांबापाशी, सर्वात उंच स्टँडवर ठेवा.

अंतरपाट आणि अक्षता

आपल्या लग्नात सर्वात अवघड उजेड अंतरपाटाच्या वेळचा, म्हणून इथं थोडं थांबतो.

नवरा आणि नवरी समोरासमोर उभे. मध्ये पांढरं कापड, त्यावर कुंकवाचं स्वस्तिक. पाहुण्यांना दोघंही बाजूनं दिसतात. आता ए चा उजेड डावीकडून येतो. तो डाव्या माणसाच्या पाठीवर आणि पांढऱ्या कापडावर पडतो. उजवीकडच्या माणसाचं तोंड डावीकडं वळलेलं आहे, त्याला हा उजेड हवा आहे, पण नेमकं मध्ये कापड आहे. बी च्या बाबतीतही हेच, उलट दिशेनं. म्हणजे दोन्ही फ्लॅश कापड भडक करतात आणि दोन्ही चेहरे काळे ठेवतात. एरवी उत्तम असलेली मांडणी इथं उलटी पडते.

उपाय असा. मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आधी ए आणि बी दोन-दोन स्टॉप खाली आणा आणि डी एक स्टॉप वर न्या. समोरून उंचावरचा किंवा छतावरून येणारा उजेड कापडाच्या दोन्ही बाजूंना सारखाच पोचतो. चेहरे उजळतात, कापड कापडासारखं दिसतं. सी तसाच राहू द्या. शेवटचं "शुभ मंगल सावधान" झालं, अंतरपाट सरला, अक्षतांचा वर्षाव झाला, की हार घालताना दोघं हळूहळू पाहुण्यांकडं वळतात. तेव्हा ए आणि बी परत जागेवर, डी खाली. हे सगळं कॅमेऱ्यावरच्या ट्रिगरवरून, जागा न सोडता होतं. वायरलेसचा खरा उपयोग मला इथं दिसतो. तुमच्यासमोर चारशे माणसं उभी असताना स्टँडपर्यंत जाऊन फ्लॅशचं बटण फिरवणं शक्यच नसतं.

या दोन मांडण्यांचे आकडे एका कागदावर लिहून कॅमेऱ्याच्या पट्ट्याला चिकटवा. उदाहरणार्थ, अंतरपाटाला ए १/६४, बी १/१२८, सी १/३२, डी १/२. हारांना ए १/१६, बी १/३२, सी १/३२, डी १/४. तुमच्या कार्यालयात आकडे वेगळे येतील, ते तालमीत काढून ठेवा.

अक्षतांबद्दल अजून एक. साध्या फ्लॅशची पॉवर जितकी कमी, तितकी त्याची चमक कमी वेळाची. १/३२ वर अक्षता हवेत अगदी थिजलेल्या मिळतात, पूर्ण पॉवरवर दाण्यांना शेपट्या येतात. कमी पॉवरवर फ्लॅश लगेच भरतोही, म्हणून त्या मिनिटात तुम्ही सलग फोटो काढू शकता. पॉवर कमी पडतेय असं वाटलं तर फ्लॅश वाढवण्याआधी आयएसओ एक पायरी वाढवून बघा.

पाचवी पायरी: माणसं, मुलं आणि वारा

लोखंडी स्टँड डोक्यात पडला तर फोटो राहिला बाजूला, घरच्यांचा दिवस खराब होतो. प्रत्येक स्टँडच्या पायावर वाळूची पिशवी हवीच. दोन-तीन किलो वाळू जाड कापडी पिशवीत शिवून घेतली तरी काम होतं. स्टँडचा एक पाय वजनाच्या दिशेला, म्हणजे फ्लॅश ज्या बाजूला झुकलाय त्या बाजूला हवा. पंगतीकडं जाणाऱ्या वाटेवर, स्टेजच्या पायऱ्यांजवळ आणि लहान मुलं घसरगुंडी खेळतात त्या कोपऱ्यात स्टँड नको. जवळ बसणाऱ्या एखाद्या वडीलधाऱ्यांना आधीच सांगून ठेवा, "काका, ह्या दांड्याला कुणी हात लावला तर मला हाक मारा की." ते मनापासून लक्ष ठेवतात. भटजींनाही भेटा. होम कुठं मांडणार, आहेर कुठल्या बाजूनं येणार, हे त्यांना आणि घरातल्या थोरल्या बाईंना पक्कं माहीत असतं.

लॉनवरच्या लग्नात छत्री लावू नका. बेळगावचा वारा छत्रीत भरला की वाळूच्या पिशवीसकट स्टँड आडवा होतो. तिथं लहान सॉफ्टबॉक्स किंवा उघडा फ्लॅश बरा. एप्रिल-मे महिन्यांत संध्याकाळी वळीव कधी येईल सांगता येत नाही. प्रत्येक फ्लॅशसोबत एक पातळ, पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी ठेवा. रेडिओ प्लॅस्टिकमधून सहज जातो. फक्त पिशवी फ्लॅशच्या काचेला चिकटू देऊ नका आणि तोंड खालून मोकळं ठेवा, आत उष्णता साठते.

खानापूर तालुक्यातल्या गावात घरापुढच्या मांडवात लग्न असेल तर जागा लहान, छत बुटकं, दिवे पिवळे. तिथं चार फ्लॅश लावायचा हट्ट करू नका. ए आणि सी एवढे दोन पुरतात. दिव्यांचा उजेड पिवळा आणि फ्लॅशचा पांढरा असल्यानं चेहरे निळसर आणि मांडव नारिंगी येतो, म्हणून फ्लॅशच्या तोंडावर नारिंगी जेलचा (रंगीत पारदर्शक प्लॅस्टिकचा) तुकडा लावा आणि कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स त्याप्रमाणं खाली आणा. वीज गेली तरी तुमचे फ्लॅश बॅटरीवर चालतात. फक्त कॅमेऱ्याला फोकस धरायला उजेड लागतो, त्यासाठी एक छोटी टॉर्च खिशात असू द्या. हळदीच्या वेळी फ्लॅश आणि ट्रिगरला स्वयंपाकघरातली पातळ चिकट प्लॅस्टिक फिल्म गुंडाळा. बटणांच्या फटीत गेलेली ओली हळद निघत नाही.

दोन फोटोग्राफर, एक व्हिडिओवाला

तुमच्याच चमूत दोन फोटोग्राफर असतील आणि दोघांनाही तेच स्टँडवरचे फ्लॅश वापरायचे असतील, तर दोन्ही ट्रिगरवर तोच चॅनल आणि तोच आयडी घाला. मग गोडॉक्सच्या एक्सप्रो या ट्रिगरच्या मेनूत शूट नावाची एक सोय आहे, ती बघा. 'वन-शूट' वर असताना ट्रिगर फोटोच्या क्षणी फक्त "पेट" एवढाच इशारा देतो. 'मल्टि-शूट' वर तो प्रत्येक फोटोला पॉवरचे आकडेही सोबत पाठवतो. दोघं जण असाल तर मल्टि-शूट लावा, म्हणजे जो बटण दाबेल त्याच्या आकड्यांप्रमाणं फ्लॅश पेटतील. ट्रिगरचे सेल लवकर संपतात, म्हणून दोन जादा सेल खिशात ठेवा. आणि दोघांनी एकदम सलग फोटो काढायचं टाळा. फ्लॅश एकच, तो एका वेळी एकालाच भरलेला मिळतो.

व्हिडिओवाल्याशी बोलणं फार गरजेचं आहे. तुमची चमक त्याच्या चित्रणात अर्धी फ्रेम पांढरी करून जाते. अंतरपाट, हार, कन्यादान अशा ठिकाणी त्याला फोटोचा मारा नको असतो, आणि तुम्हाला त्याचा एलईडी दिवा स्टेजच्या मधोमध नको असतो. त्याचा दिवा ए च्या बाजूलाच ठेवायला सांगा. दोन्ही उजेड एका दिशेनं आले की सावल्या दुहेरी पडत नाहीत आणि दोघांचंही काम सुधारतं.

पेटला नाही तर

ऐन वेळी एखादा फ्लॅश गप्प झाला तर ठरलेल्या क्रमानं बघा. सगळेच गप्प असतील तर दोष कॅमेऱ्यापाशी: ट्रिगर कॅमेऱ्यावरच्या खाचेत (हॉट शूमध्ये) पूर्ण सरकलाय का, त्याचे सेल, इलेक्ट्रॉनिक शटर. एकच गप्प असेल तर दोष त्या फ्लॅशपाशी: ट्रिगरवर तो ग्रुप चुकून बंद झालाय का, फ्लॅश झोपलाय का, रेडिओऐवजी एस-१ वर गेलाय का, सेल संपलेत का, किंवा सलग जोरात पेटून तापलाय का. तापला असेल तर थांबण्यावाचून इलाज नाही. तो ग्रुप बंद करून बाकीच्यांवर काम चालवा.

कधी पेटतो, कधी नाही, असं होत असेल तर रेडिओचा गोंधळ समजा. वायफाय, ब्लूटूथ आणि काही कॉर्डलेस माइक त्याच २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. एक्सप्रोमध्ये मोकळे चॅनल शोधून देणारी स्कॅनची सोय आहे, ती तालमीच्या वेळीच वापरा. मुहूर्ताच्या वेळी पाच फ्लॅशचे चॅनल बदलत फिरता येत नाही. फ्लॅश अगदी जवळ, हातभर अंतरावर असतानाच चुकत असेल तर मेनूत अंतराची सोय ०-३० मीटरवर ठेवा. लोखंडी कमान किंवा एलईडी पडद्याच्या मागं ठेवलेला सी हमखास त्रास देतो. त्याला पडद्याच्या कडेनं थोडा बाहेर डोकावू द्या.

सभा, संमेलनं आणि मिरवणुका

कडोलीसारख्या गावातल्या साहित्य संमेलनात मांडणी लग्नासारखीच, पण वागणं वेगळं. वक्ता बोलत असताना समोरून फ्लॅश मारत राहिलं की त्याचं वाक्य तुटतं. ए आणि बी व्यासपीठाच्या अगदी कडेला न्या, पॉवर १/३२ च्या आसपास आणि आयएसओ वाढवलेला. भाषणाच्या सुरुवातीला थोडे फोटो काढा आणि मग ट्रिगर बंद करून श्रोत्यांकडं वळा. ग्रंथदिंडी सकाळच्या उन्हात असते, तिथं चेहऱ्यावरच्या सावल्या भरायला एकटा ई पुरतो.

बेळगावच्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक ही मात्र स्टँड घरी ठेवून जायची जागा. रात्रीची वेळ, ट्रॉलीवर उभे असलेले सजीव देखावे, ढोल-ताशा, गुलाल आणि मुंगीला शिरायला जागा नाही अशी गर्दी. इथं एक फ्लॅश मोनोपॉडच्या (एकपायी दांड्याच्या) टोकाला बांधून तो मित्राच्या हातात द्या, ग्रुप ई. मित्रानं तुमच्यापासून पाच-सहा फूट बाजूला आणि वरून, पात्राच्या चेहऱ्याकडं फ्लॅश धरायचा, आणि चित्ररथासोबत तुम्ही चालाल तसं चालायचं. अंतर दोरीनं मापल्यासारखं तेवढंच राहिलं तर मॅन्युअलवर १/१६ ठेवून सगळी रात्र काढता येते. राहत नसेल तर टीटीएलवर जा आणि एक स्टॉप कमी करा, कारण काळ्या आकाशामुळं कॅमेरा चेहरे जास्त उजळतो. शटर १/६० वर आणलंत तर मागच्या दिव्यांच्या माळाही भरून येतात. ट्रॅक्टर चालवणाऱ्याच्या किंवा घोड्याच्या डोळ्यांसमोर फ्लॅश पेटणार नाही, हे बघायची जबाबदारी मोनोपॉड धरणाऱ्यावर सोपवा, आणि निघण्याआधी त्याला ते दोनदा सांगा. गुलाल उधळायला लागले की ट्रिगरवर प्लॅस्टिक चढवा. परतल्यावर फ्लॅश ओल्या फडक्यानं पुसू नका, आधी कोरड्या ब्रशनं झाडा, मग सेल बाहेर काढून संचाप्रमाणं चार्जिंगला लावा.